वॉटर स्कीच्या हौशी स्पर्धांसाठी प्लॅटफॉर्म: सुरुवात फीडपासून नको, बोटीपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: हौशी वॉटर स्कीवाल्यांसाठी एक ऑनलाइन सोशल प्लॅटफॉर्म करायचाय, लोक व्हिडिओ आणि स्कोअर टाकतील, वेगवेगळ्या तलावांवरचे क्लब आपसात स्पर्धा करतील, लाइव्ह लीडरबोर्ड हवा, बोये (पाण्यात तरंगणाऱ्या खुणा) एआय लावून आपोआप मोजायचे, आणि स्लॅलम, ट्रिक, जंप तिन्ही पहिल्याच व्हर्जनमध्ये हवेत. तर सुरुवात कुठून करू?

मी या खेळात आधी स्की करणारा, मग बरीच वर्षं बोट चालवणारा, आणि मधे एका लीगसाठी असंच सॉफ्टवेअर लिहून तोंडावर पडलेला माणूस आहे. दुसऱ्यांदा लिहिलं ते चाललं. त्यामुळे पुस्तकी काही सांगत नाही, जे अंगावर आलं तेच सांगतो.

पहिल्या वेळी मी तुमच्यासारखंच फीड आधी केलं. फोटो, लाइक, फॉलो, सगळं. दोन महिने मस्त फोटो आले, पाण्याचे फवारे, सूर्यास्त वगैरे, आणि मग शांत. फोटो टाकायला लोकांकडे आधीच दहा जागा आहेत, अकराव्या जागी ते का येतील? येणारा माणूस एकच गोष्ट शोधत होता, की माझा स्कोअर कोणी खरा धरेल का, आणि दुसऱ्या तलावावरच्या माझ्याच लेव्हलच्या माणसाशी तो लावून बघता येईल का. ते आमच्याकडे नव्हतंच.

आता मुद्द्याची गोष्ट. वॉटर स्की एकट्याने होत नाही. पळणारा माणूस एकटा पळून येतो आणि अ‍ॅपमध्ये आकडा टाकतो, इथे किमान तिघं लागतात: दोर धरलेला स्कीअर, बोट चालवणारा, आणि मागे तोंड करून बसलेला ऑब्झर्व्हर, जो बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच लागतो. म्हणजे तुमचं सोशल नेटवर्क ऑलरेडी बोटीत बसलेलं आहे, फक्त ते कुठे नोंदलं जात नाही. मी डेटाबेसमध्ये 'युजर' आणि 'पोस्ट' अशी टेबलं धरून सुरुवात केली होती आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. दुसऱ्यांदा मूळ एकक 'सेट' धरला, म्हणजे स्कीअर पाण्यात उतरल्यापासून धक्क्यावर परत येईपर्यंत जे झालं ते: किती पास (बोटीमागची एकेक फेरी), बोट कोणती, ड्रायव्हर कोण, ऑब्झर्व्हर कोण. स्कोअर ऑब्झर्व्हरच्या फोनवरून भरायचा, ड्रायव्हरने एक टॅप करून होकार द्यायचा, आणि स्कीअरने स्वतःचा स्कोअर स्वतः टाकायचाच नाही. एवढ्या एका नियमाने अर्धी भांडणं संपली. तिघंही मिळून खोटं बोलू शकतात की, पण एकट्याने थाप मारणं आणि दोन साक्षीदार गोळा करून थाप मारणं यात फरक असतो, आणि हौशी लीगमध्ये ट्रॉफीसाठी एवढी खटपट सहसा कोणी करत नाही.

आणखी एक गंमत झाली. ड्रायव्हर लोक प्रचंड खूष झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना ओढणाऱ्या माणसाच्या नावावर कुठेच काही नसतं, स्कोअरशीटवर कोपऱ्यात सही फक्त. आम्ही प्रोफाइलवर 'या सीझनला ओढलेले पास' असा आकडा लावला आणि काही जण तेवढ्यासाठी रोज अ‍ॅप उघडायला लागले. चांगला ड्रायव्हर हा क्लबमधला सगळ्यात दुर्मिळ माणूस असतो, तो टिकला तर क्लब टिकतो आणि क्लब टिकला तर तुमचा प्लॅटफॉर्म, हे गणित डोक्यात ठेवा.

आता स्कोअर, आधी स्लॅलमचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती बोये मारले तो स्कोअर, पण तसं नाही. कोर्स २५९ मीटरचा, आत जायचं गेट, बाहेर पडायचं गेट, मधे सहा बोये, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाहेर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. सहाही जमले की पुढच्या पासला वेग ताशी ३ किमीने वाढतो. मोठ्या स्पर्धांत पुरुषांसाठी ५८ आणि महिलांसाठी ५५ ही कमाल, वयस्कर गटांत त्याहून कमी. तिथे पोचलात की वेग तोच ठेवून दोर आखूड करत जायचं: १८.२५ वरून १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५ मीटर. ११.२५ ला तर दोर बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर अंग झोकून आणि हात लांबवून भरायचं, म्हणून तिथे गेलेल्या माणसाकडे बाकीचे आदराने बघतात.

यात सॉफ्टवेअरवाल्याला खड्डे कुठे आहेत ते सांगतो. एक म्हणजे भाषा. युरोपातला माणूस '१३ मीटर' म्हणेल, अमेरिकेतला '३२ ऑफ' म्हणेल, कारण तिकडे ७५ फुटी दोरातून किती फूट कापले ते बोलतात, आणि तिसरा नुसता 'हिरवा' म्हणेल कारण दोरावर त्या लांबीची खूण हिरवी असते. तिघंही एकच गोष्ट बोलतायत. वेगाचं पण तसंच, ३४ मैल म्हणजे ५५ किमी आणि ३६ मैल म्हणजे ५८, आणि इथे प्लीज गुणाकार करून ५४.७ साठवू नका. मी साठवलं होतं आणि एकाच वेगाचे दोन गट तयार होऊन निम्मी माणसं दुसऱ्याच यादीत जाऊन बसली. वेग आणि दोर दोन्ही ठरलेल्या पायऱ्या आहेत, तर पायरीचा नंबर साठवा आणि दाखवताना ज्याला जशी सवय तसं दाखवा. दुसरं, बोया पाव, अर्धा किंवा पूर्ण असा मोजतात, त्यामुळे दशांशाच्या भानगडीत न पडता पावांमध्ये पूर्णांक ठेवा, एका पासला ० ते २४. तिसरं, आत जायचं गेट चुकलं तर पुढे सहा बोये मारले तरी तो पास शून्य, आणि सगळ्यात जास्त वाद यावरच होतात, तर गेटसाठी वेगळं बटण ठेवा, 'आत / चुकलं / दिसलं नाही'. हे तिसरं फार महत्त्वाचं. 'दिसलं नाही' म्हणायची सोय दिली नाही तर ऑब्झर्व्हर मित्राच्या बाजूने 'आत' दाबतो, माणूसच आहे तो.

मग या सगळ्याचा एक आकडा करायचा. ताशी २५ पासून मोजायला सुरुवात केली तर ४३ ला ३ बोये मिळवणाऱ्याचे आधीचे सहा पास पूर्ण धरून ३६ आणि हे ३, म्हणजे ३९. आणि ५५ ला १२ मीटरवर २ बोये मिळवणारीचे ८६ होतात (वेगाचे अकरा पास ६६, मग १६, १४.२५ आणि १३ मीटरचे मिळून १८, वर २). एवढं सरळ आहे, फक्त हौशी लोक कमाल वेगाला न जाताच दोर कापतात, गुडघे सांभाळायचे असतात, तर त्यांचाही हिशोब टेबलमध्ये बसला पाहिजे. फॉर्म्युला शोधत बसू नका, टेबलच ठेवा, बदलायला सोपं जातं.

पण आता ३९ वाला आणि ८६ वाली एकाच लीडरबोर्डवर ठेवलेत तर ३९ वाला दोन आठवड्यांत गायब. हौशी प्लॅटफॉर्म मरतो तो इथेच. वरची पाच नावं वर्षभर तीच राहतात, खालच्या दोनशे जणांना आपण यात कशाला आहोत तेच कळत नाही. त्यामुळे हँडिकॅप, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या लेव्हलशी मोजायची पद्धत, पाहिजेच. गोल्फमध्ये हे आधीच सोडवून ठेवलंय, २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे, शेवटच्या २० राउंडमधले सर्वात चांगले ८ घेऊन सरासरी. इथे सीझन छोटा असतो म्हणून आम्ही शेवटच्या १० सेटमधले चांगले ४ घेतले, आणि त्या सरासरीच्या वर किती गेलात ते गुण. मग ४० ची सरासरी असलेल्याने ४४ केले की तो त्या आठवड्याचा राजा. यात लबाडी एकच होते, मुद्दाम वाईट स्की करून सरासरी खाली आणायची आणि फायनलला उसळायचं. त्याला उपाय, सरासरी वर जाताना लगेच जाऊ द्या आणि खाली येताना हळूहळू येऊ द्या, म्हणजे पाडून घेतलेली सरासरी कामालाच येत नाही. वयानुसार गट पाडायचा मोह होईल, तो टाळा, हौशी लोकांत सत्तरीतला माणूस पंचविशीतल्या पोराला आरामात हरवतो, लेव्हलनुसार गट बरे.

स्पर्धेचा फॉरमॅट पोस्टल लीगसारखा ठेवा. म्हणजे सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं नाही, दोन आठवड्यांची खिडकी, आपापल्या तलावावर स्की करा, बेस्ट दोन सेट धरले जातील. पण त्या खिडकीत मोजायचे सेट आधी जाहीर करून करायचे, पाण्यात उतरण्यापूर्वी 'हा स्पर्धेचा सेट' असं बटण दाबायचं. नाहीतर माणूस वीस सेट करतो आणि सगळ्यात भारी तेवढा पाठवतो, आणि त्यात दमून पडून लागतं ते वेगळंच.

एआयबद्दल. नका करू, निदान आत्ता तरी नाही. बोटीतून काढलेल्या व्हिडिओत नेमक्या वळणाच्या क्षणी फवाऱ्याची भिंत उभी राहते, तिच्यामागे स्की बोयाच्या आतून गेली की बाहेरून हे माणसालाही दोनदा बघावं लागतं, त्यात समोरून ऊन. फोनचं जीपीएस म्हणाल तर त्याची चूक काही मीटरची, आणि बोटीने ज्या मधल्या वाटेने जायचं ती वाटच २.३ मीटर रुंद, म्हणजे विषय संपला. वादाचा पास आला तर दुसऱ्या क्लबच्या तीन जणांना क्लिप पाठवा, नावं झाकून, बहुमताने निकाल. मोठ्या स्पर्धेतही पंच बहुमतानेच ठरवतात, आपण वेगळं काय करायचंय. शिवाय दुसऱ्याचा पास तपासायला लोकांना भयंकर आवडतं, आमच्याकडे सगळ्यात जास्त गप्पा या तपासणीखालीच रंगायच्या. जे फीड मी आधी ओढूनताणून बांधलं होतं ते इथे आपोआप तयार झालं.

वेगाची तपासणी मात्र व्हिडिओवरून छान होते आणि हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. कोर्सची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे गेट ते गेट वेळ मोजली की वेग कळला: ५८ ला १६.०८ सेकंद, ५५ ला १६.९५, ५२ ला १७.९३, ४९ ला १९.०३. दोन पायऱ्यांत जवळजवळ एक सेकंदाचा फरक आहे, आणि सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत तो २६-३३ फ्रेमचा पडतो. मागे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात पहिलं गेट दिसू लागलेली फ्रेम आणि शेवटचं गेट दिसू लागलेली फ्रेम, दोन्हीवर एकेक खूण करायची बास. सेन्सर नको, एआय नको. बोटीत झिरो ऑफसारखा वेग धरून ठेवणारा कंट्रोल असेल तर त्याचं सेटिंग, म्हणजे ए, बी, सी आणि १, २, ३ मधलं काय ते, नोंदवायला एक रिकामा रकाना ठेवा, सक्ती करू नका. लोक आपणहून भरतात कारण त्यावर वाद घालायला आवडतो.

अ‍ॅप कुठे वापरलं जाणार ते एकदा डोळ्यासमोर आणा. हलणारी बोट, ओले हात, डोक्यावर ऊन, नेटवर्क शून्य. त्यामुळे मोठ्ठी बटणं, काळ्यावर पांढरं, लिहायचं काहीच नाही. सगळं आधी फोनमध्ये साठलं पाहिजे, सेटचा ओळख नंबर फोनवरच तयार झाला पाहिजे म्हणजे नेट आल्यावर तोच सेट दोनदा चढणार नाही, आणि व्हिडिओ घरी वायफायवर गेल्यावर चढवायचे. मी सुरुवातीला नुसतं वेब पेज केलं होतं, ब्राउझरच्या साठ्यात सगळं ठेवत होतो, आणि ब्राउझरने न वापरलेल्या साइटचा डेटा आपणहून साफ केला. एका क्लबचा पूर्ण वीकेंड गेला. त्या लोकांना फोन करून सांगताना जी लाज वाटली ती अजून आठवते. लाइव्ह लीडरबोर्डचं पण याच्याशीच नातं आहे, जिथे डेटाच संध्याकाळी येणार तिथे सेकंदासेकंदाला बदलणारा बोर्ड कोणासाठी? १५ मिनिटांनी ताजा झाला तरी कोणाचं काही अडत नाही.

ज्यांच्याकडे कोर्सच नाही अशी माणसं खूप असतात हे विसरू नका, त्यांच्याकडे बोट आहे, दोर आहे, उघडं पाणी आहे आणि बास. त्यांच्यासाठी ट्रिक सोन्यासारखी. २० सेकंदांचे दोन पास, प्रत्येक ट्रिकला ठरलेले गुण, एक ट्रिक एकदाच धरायची, उलट्या बाजूने केली तर ती वेगळी. पुढून मागे अर्धी गिरकी दोन स्कीवर केली तर ३०, एका स्कीवर ६०. गेट नाही, बोया नाही, फोनचा व्हिडिओ पुरतो, आणि पहिल्या ३० गुणांसाठी माणूस आठवडाभर पाण्यात आपटत राहतो. मी परत सुरू केलं तर कदाचित ट्रिकपासूनच करेन.

जंप मात्र ठेवू नका. रॅम्प, अंतर मोजायची यंत्रणा, पुरुषांना ५७ पर्यंत वेग, आणि चुकलं तर थेट हॉस्पिटल. घरबसल्या पाठवलेल्या जंपचं अंतर तुम्ही मोजू शकणार नाही आणि कोणीतरी तुमच्या लीडरबोर्डसाठी उडी मारून पडला तर झोप लागणार नाही. याच कारणाने 'सगळ्यात जास्त वेग' असला बोर्ड कुठल्याही प्रकारात लावू नका. ऑब्झर्व्हरचं नाव नसेल तर सेट सेव्हच होऊ देऊ नका, आणि दिवसाला स्पर्धेचे दोनच सेट. आमच्याकडे यावर कुरकुर झाली, मग सवय झाली.

प्रायव्हसीचं दोनच ओळीत सांगतो पण हलक्यात घेऊ नका. बरेच कोर्स खाजगी तलावांवर असतात आणि मालकाला जागा जगाला कळायला नको असते, तर नकाशा डीफॉल्ट बंद, आणि फोटो-व्हिडिओच्या आत लपलेलं लोकेशन चढवतानाच पुसून टाका. आणि हा खेळ कुटुंबाचा आहे, आठ-नऊ वर्षांची पोरं स्की करतात, त्यांचं स्वतंत्र खातं नको, आईबाबांच्या खात्याखाली ठेवा. अमेरिकेत १३ च्या खालच्या मुलांचा डेटा पालकांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, युरोपात ही रेषा देशानुसार १३ ते १६ मधे कुठेतरी आहे.

फेडरेशनशी भांडण नको. आंतरराष्ट्रीय संघटना १९४६ पासून आहे, तिची नियमावली, रँकिंग, पंचांच्या लेव्हल सगळं आहे, आणि अधिकृत स्पर्धेला विम्याचीही सोय लागते. तुमच्या साइटवर 'अधिकृत', 'रँकिंग', 'रेकॉर्ड' हे शब्द वापरू नका, 'लीग टेबल' म्हणा. त्यांच्या साइटवरून आकडे खरवडूनही आणू नका, भेटून मागा. नवे खेळाडू येणार म्हटल्यावर बहुतेक जण मदतच करतात. प्रवेश फी आणि रोख बक्षिसं पहिल्या वर्षी अजिबात नकोत, क्लबकडून वर्षाची वर्गणी घ्या, तीही दुसऱ्या वर्षापासून.

सीझनचा एक घोळ राहिला. उत्तरेत उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत थंडी, त्यामुळे 'वार्षिक फायनल' ठेवलीत की निम्मे लोक बर्फात. दोन सीझन ठेवा. आणि थंडीत लोक काय करतात? फिनची, म्हणजे स्कीच्या तळाला मागे लावलेल्या पात्याची, सेटिंग चघळतात. फिनची लांबी, खोली, शेपटीपासूनचं अंतर, हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजणारी मंडळी आहेत ही, त्यांना सेटिंगची वही द्या, त्यात सेटचे स्कोअर शेजारी दिसू द्या, मग जानेवारीतही साइट जिवंत राहते.

आता हजार युजर कसे आणायचे, तर आणू नका. एक क्लब, एक संध्याकाळ, बारा माणसं. कोड लिहायच्या आधी ही लीग महिनाभर छापील शीट आणि मेसेजिंग ग्रुपवर चालवा, स्वतः बोटीत ऑब्झर्व्हरच्या सीटवर बसून. कुठे खाडाखोड होते, कोणता रकाना कोणी भरत नाही, कशावरून आवाज चढतात ते तिथे दिसेल. मग शेजारच्या क्लबला आव्हान द्या. दर आठवड्याला किती बोटींनी सेट भरले हा एकच आकडा बघा, साइन-अपचा आकडा बघूच नका, तो फसवतो. आमच्याकडे चौथ्या महिन्यात साइन-अप भरपूर आणि बोटी सहा होत्या, आणि त्या सहा बोटींनीच पुढे सगळं ओढलं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, की तुमच्या क्लबकडे पूर्ण कोर्स आहे, की बोये आत घेतलेला मिनी-कोर्स, की कोर्सच नाही. ते सांगा, कारण मिनी-कोर्सचा स्कोअर पूर्ण कोर्सच्या टेबलमध्ये बसत नाही, त्याला वेगळं टेबल लागतं. माझ्याकडे एक आहे, मिनी-कोर्स असेल तर पाठवतो.